मशीन बरोबर होतं, सर

सर,

सकाळचे साडेसात वाजलेत. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून लाकडी स्टुलावर बसले आहे. कानातल्या रिंगा काढून बशीत ठेवल्या आहेत. तुम्ही हेडफोन हातात धरून जिन्याकडे बघत ओरडताय, "अगं, गॅस बंद कर! मशीन लावतोय." वरून वहिनींचा आवाज येतो, "एक शिट्टी राहिलीय. डाळ कच्ची खाणार का?" "मग होऊ दे ती, थांबतो आम्ही." आणि आपण थांबतो. तुम्ही, मी, दारात उभा असलेला जीपचा ड्रायव्हर, आणि तिसऱ्या पायरीवर ओठांवर बोट ठेवून बसलेली तुमची सात वर्षांची लेक, सगळे त्या एका शिट्टीची वाट बघतोय. शिट्टी होते. ड्रायव्हरला हसू फुटतं. मग सगळं घर पाच मिनिटं गप्प होतं आणि माझ्या उजव्या कानात, फार लांबून आल्यासारखा, एक बारीक स्वर येतो. मी बोट वर करते. तुम्ही कागदावर खूण करता.

चाळीस वर्षं होत आली. या सकाळीइतकं दुसरं काही मी जपलं नाही. लग्नानंतर सिडकोतल्या दोन खोल्यांत, पोरांच्या आजारपणात, मिस्टर गेले तेव्हासुद्धा, कधी फार एकटं वाटलं की मी मनानं त्या स्टुलावर जाऊन बसायची. एक घर माझ्या कानासाठी गप्प बसत होतं, एवढं आठवलं तरी बरं वाटायचं. गेल्या मंगळवारपासून मला तिथे जाता येत नाही.

तुमची लेक आता स्वतः कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, हे तुम्ही पाहून गेलात. तुमच्यामागे तिनं नाव काढलंय. जुना दवाखाना पाडून तिथे इमारत होणार म्हणून ती लोखंडी कपाटं रिकामी करायला गेली, आणि तिला आपली कार्डं सापडली. शाळाशाळांत जाऊन तपासलेल्या मुलांची सगळी कार्डं, सुतळीनं बांधलेली, तालुक्याप्रमाणे. तिचा फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती. "मावशी, चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलांच्या कानांची नोंद कुणाकडे असते सांग ना? बाबांकडे आहे! ती मुलं आता पन्नाशीला आली. त्यांना शोधायचं, पुन्हा तपासायचं. लहानपणी ज्यांचे कान वाहत होते त्यांचं पुढे काय झालं ते कळेल. तू येशील ना? बाबांचं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही." मी गेले. दोन आठवडे रोज दुपारी बसून कार्डं लावली. सोमवारी ती कार्डं कॉम्प्युटरवर चढवायला द्यायची आहेत. त्यावर पुढचं सगळं संशोधन उभं राहणार. आणि मंगळवारी, मशीनच्या जुन्या पेटीच्या झाकणातल्या कापडी खिशात, मला दोन कागद मिळाले. ते तिला द्यायचे की नाही, हे मला सोमवारच्या आत ठरवायचं होतं.

तुम्हाला माहीत असलेलंच मी तुम्हाला सांगतेय. पण एकदा क्रमानं सांगू द्या. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

मी नाशिक रोडची. वडील नोटांच्या प्रेसमध्ये, आम्ही क्वार्टर्समध्ये. शाळा कॉन्व्हेंटची, म्हणून इंग्रजी बरं आणि अक्षर वळणदार. तुम्हाला मुंबईच्या कंपन्यांना आणि परदेशी डॉक्टरांना पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं. पदवीचा निकाल लागायच्या आत मी तुमच्याकडे रुजू झाले. पहिल्याच दिवशी गंमत म्हणून तुम्ही माझे कान तपासलेत आणि कागदाकडे बघत राहिलात. "काय गं कॉन्व्हेंट, सिस्टर लोकांनी तुला काय खायला घातलं? असा कान मी पुस्तकातच पाहिलाय." दुसऱ्या दिवसापासून मी पत्रं कमी लिहिली आणि कान तपासायचं मशीन जास्त शिकले. तुम्ही फार चांगले शिकवायचात. मुलाच्या मागे उभं कसं राहायचं, त्याला आपला हात दिसू नये म्हणून काय करायचं, घाबरलेल्या मुलाला आधी मोठा स्वर ऐकवून मग हळूहळू खाली कसं यायचं. आवाज आला की मुलानं एक चिंचोका डब्यात टाकायचा, ही युक्ती तुमचीच. चिंचोके मी घरून भाजून आणायची, नाहीतर किडायचे.

आणि रोज सकाळी जीप निघायच्या आधी माझा कान. मशीन खेड्यापाड्यांतून हिंदकळत फिरतं, वायरी ढिल्या होतात, आवाज कमी होऊ शकतो. म्हणून ज्याचा कान पक्का ठाऊक आहे अशा माणसावर ते रोज लावून बघायचं. त्याला नेहमीसारखं ऐकू आलं तर मशीन ठीक. नाही आलं, तर मशीनमध्ये काहीतरी बिघाड. तुम्ही मला हेही शिकवलं होतं की असे तीन कान हवेत, म्हणजे एक चुकला तर दोन सांगतील. मी विचारलं, मग आपले तीन का नाहीत? तुम्ही म्हणालात, "माझा पन्नाशीचा. ड्रायव्हरच्या कानात डिझेल. नाशकात मला एकच सापडला." किती फुगले होते मी! घरी जाऊन आईला सांगितलं, जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांचे कान माझ्या कानावर मोजतात. आई म्हणाली, "मग कान झाकून फिर, वारं लागायचं."

त्या वर्षीचा शाळांच्या तपासणीचा सीझन चांदवडपासून सुरू झाला. शाळेत शांत खोली मिळेना, म्हणून एका व्यापाऱ्यानं बारदानाचं गोडाऊन उघडून दिलं. भिंतींना छतापर्यंत रिकाम्या गोण्या रचलेल्या, आत शिरलं की बाहेरचा हायवे गायब. तुम्ही टाळी वाजवून बघितलीत आणि लहान मुलासारखे खूश झालात. "मुंबईत लाखभर रुपये घालून अशी खोली करतात." शेजारच्या चाळीत साठवलेल्या कांद्यांच्या वासानं मुलांच्या नाकाला पाणी, आपल्या डोळ्यांना पाणी. येताना घाटात जीपनं खड्डा घेतला आणि मशीनची पेटी मागून खाली पडली. तुम्ही ती मांडीवर घेऊन नाशिकपर्यंत आलात, एखादं मूल पडल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नेहमीचा स्वर आला नाही. दहा डेसिबलनं वाढवलात तेव्हा आला. "लक्ष कुठे आहे?" तुम्ही रागावलात. पहिल्यांदाच. पुन्हा लावलंत, पुन्हा तेच. तुम्ही हेडफोन काढलात आणि म्हणालात, "तुझं काही नाही. मशीन पडलं ना काल. आवाज दबलाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते सुकलं. मशीन दुरुस्तीला मुंबईला पाठवलं तर दोन महिने जाणार. शाळा थांबणार नव्हत्या. मग तुम्ही उपाय काढलात. मशीनचा आवाज दहानं दबलाय, म्हणजे मुलाला खरं जेवढं ऐकू येतं त्यापेक्षा दहानं कमी येतं असं कार्डावर दिसणार. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी, तेव्हा प्रत्येक कार्डातून दहा वजा करायचे. मशीनची चूक मुलाच्या माथी नको. पुढे माझा आकडा आणखी चढला, तेव्हा पंधरा वजा करायला लागलो. मीच करायची, पेन्सिलनं, कार्डाच्या कोपऱ्यात. वजा केल्यावर जे उरेल त्यावर शिक्का. लाल म्हणजे मुलाला नाशिकला बोलवायचं. निळा म्हणजे नॉर्मल.

त्या मंगळवारी पेटीच्या खिशातून निघालेला पहिला कागद मुंबईच्या वर्कशॉपचा होता. सीझन संपल्यावर मशीन त्यांच्याकडे गेलं होतं, त्याचा तपासणीचा दाखला. सगळ्या पट्ट्यांत आवाज योग्य. कुठलीही दुरुस्ती केलेली नाही, गरज नाही. खाली तुमच्या निळ्या शाईत "पाहिले" आणि सही. तारीख दिवाळीनंतरची. परिषदेत तुम्ही पेपर वाचलात तो त्यानंतर सहा आठवड्यांनी, आणि त्यातले आकडे वजा केलेलेच होते. मला माहीत आहे, मीच टाईप केले होते.

मशीन बरोबर होतं, सर. दबला होता तो माझा कान.

दुसरा कागद आलेखाचा. माझ्या उजव्या कानाचे, मी रुजू झाल्यापासून त्या सीझनच्या शेवटापर्यंतचे आकडे, तुम्ही लाल पेन्सिलनं एकेक टिंब जोडून काढलेले. रेघ हळूहळू उतरत जाते, म्हणजे ऐकू येणं कमी होत जातं. घाटातल्या पडण्याच्या आधीच ती उतरायला लागली होती, हेही त्यात दिसतं. शेवटच्या टिंबाशेजारी तुमच्या हातचं दोन अक्षरांचं निदान आणि प्रश्नचिन्ह. त्या दोन अक्षरांचा अर्थ तुम्हीच मला शिकवला होता. कानातलं सगळ्यात लहान हाड घट्ट होत जातं, तरुण बायकांना जास्त होतं, घराण्यात चालत येतं, बाळंतपणात वाढतं.

तो कागद अजून माझ्या हातातच होता. तुमच्या लेकीनं चहा आणला. "मावशी, काही सापडलं?" मी कागद पर्समध्ये टाकले आणि म्हणाले, "जुनी बिलं आहेत." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, चूक झाली की त्याच दिवशी बोलून टाकावं, दुसऱ्या दिवशी ती मोठी झालेली असते. बासष्टाव्या वर्षी मी तुमची चूक पर्समध्ये घालून रिक्षानं घरी आणली.

मग एकेक उलगडत गेलं, आणि प्रत्येक गोष्ट आठवली की नव्यानं दुखलं. त्या हिवाळ्यात एका सकाळी मी आले तर स्टुलावर नर्सिंगची एक मुलगी बसली होती. तुम्ही म्हणालात, "तुझी आता लगीनघाई. रोज नाशिक रोडवरून पहाटे कशाला धावत येतेस?" मला राग आला होता, पण वाटलं, माझी काळजी करताय. लग्नात तुम्ही गजराचं घड्याळ दिलंत, पितळेच्या दोन घंटांचं. वहिनी हसत सांगत होत्या, "दुकानातली सगळी घड्याळं वाजवून बघितली यांनी! सगळ्यात कर्कश आणलंय. दुकानदार म्हणाला, डॉक्टर, नवरीला उठवायचंय की गावाला?" सगळा मांडव हसला. मीही हसले. तुम्ही हसला नव्हतात, हे आता आठवतं.

तिशीला आले, दुसरी मुलगी झाली, आणि तिचं रडणं शेजारच्या खोलीतून येईना. मी तुमच्याकडेच आले, दुसरीकडे कुठे जाणार? तुम्ही मला त्याच खोलीत बसवून तपासलंत. हेडफोन लावताना तुम्ही उजवा-डावा चुकलात, मला वाटलं वय झालं. तुम्ही म्हणालात, "आत्ताच सुरू झालेलं दिसतंय. बाळंतपणानंतर होतं कधीकधी." उजव्या कानाचं ऑपरेशन तुम्ही स्वतः केलंत, एक पैसा घेतला नाहीत. मी तुमच्या पाया पडले. आठ वर्षं तुम्हाला माहीत होतं, सर. आणि मी पाया पडत होते तेव्हा तुम्ही मला पडू दिलंत.

तुमची बाजू मी घेऊन पाहिली आहे. पन्नास वेळा. पेपर आधीच पाठवलेला होता. पुढच्या तीन वर्षांची पैशाची मदत त्यावर मिळणार होती, आणि त्या मदतीतून खरोखरच कितीतरी मुलांचे कान वाचले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं लग्न ठरत होतं. मुलीच्या कानात घराण्यात उतरणारं दुखणं आहे, हे त्या काळात बाहेर पडलं असतं तर काय झालं असतं, ते मलाही कळतं. कदाचित तुम्ही माझ्यावर उपकार करत होतात. पण तसं असेल तर मला विचारायचं होतंत. माझा कान होता. रोज सकाळी तो तुम्हाला देताना मी काही हातचं राखलं नव्हतं.

आणि माझं एकवेळ राहू द्या. कळवणकडच्या त्या मुलीचं काय?

तुम्हाला ती आठवणार नाही. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. कान पूर्वी वाहायचा, तेव्हा कोरडा होता. तुम्ही आत बघून म्हणालात, "आता आकड्यावर ठरवू." आकडा आला तो लाल शिक्क्याचा होता. मी पंधरा वजा केले, निळा मारला. तिची आई शाळेच्या दारात उभी होती, शेतातून तशीच आलेली. "बाई, तिला ऐकू नाय येत. मी मागून हाक मारते तं वळत नाय." मास्तर म्हणाले, "हट्टी हाय कार्टी, दुसरं काय नाय." तुम्ही पुढच्या मुलाकडे वळला होतात. उत्तर मी दिलं. कार्ड तिच्यापुढे धरून, जरा करड्या आवाजात, कारण कार्डाबद्दल माझी खात्री होती. "हे बघा, नॉर्मल आहे. तिला ऐकू येतं. लक्ष देत नसेल." ती बाई कार्डाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "तुमचं कार्ड खरं असंल बाई. पण पोर माझी हाय." आणि गेली.

परवा मी तिला शोधायला गेले. कळवणची एसटी, पुढे काळी-पिवळी जीप. गाव कार्डावर होतंच. एवढ्या वर्षांनी माहेरात कोण सापडणार असं वाटलं होतं, पण ती नवरा गेल्यावर परत आलीये, अंगणवाडीत मदतनीस आहे. अंगणवाडीच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झालेत, वेण्या नाहीत, पण मान एका बाजूला कलती करून तोंडाकडे बघायची सवय तीच. माझ्या दोन्ही कानांत आता यंत्रं असतात, त्यातल्या एकाची बॅटरी वाटेतच संपली होती. मी बोलले ते तिला येईना, ती बोलली ते मला येईना. दोघींचा आवाज चढत गेला. रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थांबला. "काय वं, कशापायी भांडू राहिल्या?" तिनं हात उडवला. "भांडत नाय आबा! दोघी बहिऱ्या हाये, बोलू राहिलो!" आणि ती इतकी मनापासून हसली की मलाही हसावं लागलं.

मी कोण ते सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "चिंचोक्यावाल्या बाई? मी तुमचे मूठभर चिंचोके चोरले होते, परकराच्या खिशात. लय दिवस खेळलो आम्ही." मग तिनं जे सांगितलं ते ती सहज सांगत होती, माझ्यावर आळ घालायचा म्हणून नाही. "आई मरेस्तोवर म्हणायची, नाशिकच्या बाईनं कार्ड दाखवलं, पोरीचे कान चांगले हाय. मास्तर मारायचा तवा मी घरी सांगायचीच नाय. कान चांगले हाय तं मंग चूक माझीच ना? चौथीतून काढली शाळा. मला बी वाटायचं, मीच आळशी, माझंच डोकं चालत नाय."

मी तिचा हात धरला. कार्ड काढून कोपऱ्यातली पेन्सिलची वजाबाकी दाखवली. म्हटलं, "हे चुकीचं होतं. तुला तेव्हाही कमी ऐकू येत होतं. तुझी आई बरोबर होती." तिला दोनदा सांगावं लागलं. ती तांदळात बोट फिरवत राहिली. मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल. पण ती म्हणाली, "मंग मी आळशी नव्हते."

"नव्हतीस."

"हे लिहून द्या, बाई."

"कुणाला दाखवायचंय?"

"माझ्या लेकाला. तो शिकलेला हाय. म्हणतो, आई तू मनावरच घेतलं नाय. त्याला दाखवीन. आन् तुमची सही करा. खाली कारण बी लिहा, कशानं चुकलं ते. नायतर तो म्हणंल, कुणाकडून बी लिहून आणलं."

सर, तुमच्या नावाला जपायचं म्हणून मी सोमवारपर्यंतचे दिवस मोजत होते. मला वाटत होतं, हे प्रकरण तुमच्या-माझ्यात आहे. त्या ओट्यावर ते संपलं. तिला एक खरा कागद हवाय आणि त्यावर खरं कारण हवंय. आणि तिच्यासारखी त्या सीझनमधली किती मुलं निळ्या शिक्क्याची आहेत, कुणास ठाऊक. तुमची लेक त्यांना "लहानपणी नॉर्मल" म्हणून मांडेल आणि म्हणेल, यांचे कान पुढे मोठेपणी बिघडले. त्यांना पुन्हा एकदा चुकीचं सांगितलं जाईल, या वेळी तुमच्या लेकीच्या सहीनं. एकाच घरातून दोनदा नको.

म्हणून मी ठरवलंय, ते असं.

मुंबईचा दाखला आणि लाल रेघेचा आलेख, दोन्ही मूळ कागद, तुमच्या लेकीला. सोमवारी सकाळी, कार्डं उचलली जायच्या आत. त्या सीझनची कार्डं मी वेगळ्या गठ्ठ्यात बांधली आहेत, त्यावर पांढरा दोरा आहे. पेन्सिलची वजाबाकी खोडायची नाही, तिच्याशेजारी मूळ आकडा मी शाईनं लिहिलाय. त्या गठ्ठ्यातल्या मुलांना तिनं आधी शोधावं.

कळवणच्या बाईला तिचं कार्ड, आणि माझ्या हातचा एक कागद, मराठीत, सहीनिशी. कारणासकट. तुमचं नाव त्यात घातलेलं नाही, "डॉक्टर" एवढंच लिहिलंय. तिच्या लेकानं विचारलं तर सांगेन. तिची तपासणी आणि यंत्र तुमची लेक करील, तसं मी तिच्याकडून कबूल करून घेणार आहे.

आलेखाची एक झेरॉक्स माझ्या धाकट्या मुलीला. तिला पाचवा महिना आहे. तिनं या आठवड्यात कान तपासून घ्यावेत, बाळंतपण होईपर्यंत थांबू नये, आणि काय निघालं ते तिला तोंडावर सांगावं. मोठीलाही एक प्रत. तिचे कान अजून चांगले आहेत, पण तिच्या मुली आहेत.

दवाखान्याच्या जागी जी इमारत होतेय तिथे तुमचा फोटो लावणार आहेत आणि मी चार शब्द बोलावेत असं म्हणत होते. ते भाषण मी लिहून ठेवलं होतं. ते कुणालाही नको. फोटो लावू देत. चिंचोक्यांबद्दल आणि बारदानाच्या गोडाऊनबद्दल विचारलंच कुणी, तर तेवढं मी आनंदानं सांगेन, कारण ते खरं होतं.

हे पत्र कुणालाच नाही. माझ्यामागे सापडलं तर मुलींनी वाचावं आणि फाडावं.

एक राहिलं. काल संध्याकाळी तुमच्या लेकीचा फोन आला होता. तिनं कार्डांवरची वजाबाकी पाहिली आहे, ती हुशार आहे, तुमचीच आहे. तिनं सरळ विचारलं, "मावशी, हे चुकीचं निघालं तर... बाबांना ते माहीत होतं का गं?" मी यंत्र कानात नीट बसवल्यासारखं केलं, तिला पुन्हा विचारायला लावलं, आणि म्हणाले, "मला नाही माहीत, बाळा." सोमवारी दाखल्यावरची तुमची सही बघितली की तिला कळेलच. मला मात्र तिच्या तोंडावर हो म्हणता आलं नाही.